पेटीतले घड्याळ

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार उद्यावर येऊन ठेपला होता. महालक्ष्मीच्या पूजेची तयारी करीत असताना देवघरातला चांदीचा करंडा जागेवर नाही, असे सासूबाईंच्या ध्यानात आले. करंडा फार किमतीचा नव्हे. पण तो त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा, आणि या घरात आलेल्या प्रत्येक सुनेच्या कपाळी पहिले कुंकू लागले ते त्यातलेच. सोमवारी संध्याकाळी तो सर्वांनी पाहिला होता. घरभर शोधाशोध झाली, कपाटे आणि फडताळे उपसून झाली. शेवटी माझे धाकटे दीर म्हणाले, "एवढे कॅमेरे लावले आहेत ते कशासाठी? मंगळवारची चित्रे पाहू या."

बडोद्याच्या जुन्या वस्तीतील आमच्या घराला मागे अंगण आहे, अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि काही वर्षांपासून त्या अंगणावर नजर ठेवणारा एक कॅमेराही आहे. त्याने टिपलेली चित्रे जिन्याखालच्या कपाटातील एका काळ्या पेटीत साठतात. बाजारात तिला डीव्हीआर म्हणतात. भाऊजींनी आपल्या फोनवर मंगळवारची दुपार काढली. चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती एक वाजून चाळीस मिनिटे. आमच्याकडे चौदा वर्षे काम करणाऱ्या मासी मागच्या दाराने अंगणात आल्या आणि पदराखाली काहीतरी धरून निघून गेल्या. मंगळवारी त्या वेळी मी हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत गेले होते, आणि सासूबाई झोपल्या होत्या. मासींचे काम तर रोज साडेअकराच्या आत आटोपते.

गुरुवारी सकाळी भाऊजींनी ते चित्र मासींच्या समोर धरले. त्या म्हणाल्या, "बेन, दीड वाजता तर मी स्टेशनकडच्या घरी वासण घासत होते." भाऊजी म्हणाले, "चित्र खोटे बोलत नाही." मी काहीच बोलले नाही. मासींनी हातातला झाडू कोपऱ्यात ठेवला आणि त्या निघून गेल्या.

सावली कोणत्या दिशेला?

मी केंद्रीय विद्यालयात एकतीस वर्षे भूगोल शिकवला. त्या रात्री झोप लागेना म्हणून ते चित्र मी पुन्हा पाहिले, आणि माणसाऐवजी माझे लक्ष तुळशीवृंदावनाकडे गेले. त्याची सावली वायव्येकडे पडली होती.

आपले प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२ अंश ३० मिनिटे पूर्व. बडोदे त्याच्या सुमारे सव्वानऊ अंश पश्चिमेला आहे. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे खरी मध्यान्ह होते ती घड्याळात साडेबाराच्या आसपास. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. मध्यान्हापूर्वी सावली वायव्येकडे कलते, मध्यान्हानंतर ईशान्येकडे. पाऊण तास हा खेळ वर्गातल्या मुलांना काठी रोवून दाखवीत मी उन्हात उभी राहिलेली आहे. एक वाजून चाळीस मिनिटांनी सावली वायव्येकडे पडणे शक्य नाही. म्हणजे चित्र खरे होते. त्याच्या कोपऱ्यातली वेळ खोटी होती.

मी फोनवर अंगणाचे चालू चित्र लावले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. भिंतीवर नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. चित्रात अकरा वाजून चाळीस. फरक नेमका अडीच तासांचा. हा आकडा भूगोलाच्या शिक्षिकेला परका नाही. चीनची प्रमाणवेळ १२० अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. तिच्यात आणि आपल्यात साडेसदतीस अंशांचे अंतर, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे एकंदर दीडशे मिनिटे. बडोद्याच्या अंगणात बसून आमची पेटी चीनच्या घड्याळाने दिवस मोजीत होती.

एक चाळीसमधून अडीच तास वजा केले की अकरा वाजून दहा मिनिटे होतात. त्या वेळी मी घरातच होते. मासींच्या नातवासाठी शिऱ्याचा डबा मीच त्यांच्या हाती दिला होता आणि गरम आहे, झाकून न्या, असेही मीच सांगितले होते.

घड्याळ बिघडले कसे, तेही मग उलगडले. उन्हाळ्यात पेटी बंद पडली होती. दुरुस्तीला आलेल्या मुलाने ती पुसून कारखान्यातून निघते त्या मूळ स्थितीत आणली आणि चित्र दिसू लागताच तो निघून गेला. मूळ स्थितीत तिची वेळ कारखान्याच्या देशाची होती. सहा महिने कोणी ती पाहिलीच नाही. कॅमेरा नीट चालला आहे, याचा अर्थ आम्ही फक्त चित्र दिसते आहे एवढाच लावला होता.

पेटीच्या पोटातला सर्व्हर

घड्याळ सुधारावयाचे तर पेटीच्या मांडणीपर्यंत पोचावयास हवे. तिला जोडलेला पडदा केव्हाच निकामी झाला होता, आणि भाऊजींच्या फोनवरून फक्त पाहता येत होते, बदलता काही येत नव्हते. बंगळूरला संगणकाच्या क्षेत्रात काम करणारी माझी पुतणी फोनवर म्हणाली, "काकू, पेटीला स्वतःचे पान असते. आपल्या ब्राउझरमध्ये उघडा ना!" त्या एका वाक्यामागे दोन संध्याकाळचे शिक्षण होते. ते येथे सविस्तर देत आहे, कारण राऊटर, कॅमेऱ्याची पेटी, छापयंत्र अशी एखादी तरी वस्तू आता बहुतेक घरांत असते, आणि तिची मांडणी पाहण्याची वाट साधारण हीच असते.

आपण ब्राउझर उघडतो तेव्हा पलीकडे कोठेतरी सर्व्हर नावाचा संगणक असतो. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर ते धाडतो. ही व्यवस्था टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये सुचविली आणि १९९० च्या अखेरीस चालवून दाखविली. सर्व्हर म्हटला की थंड दालनातली मोठी यंत्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु पाने धाडण्याचे काम इतके साधे आहे की नखाएवढी चिपही ते करू शकते. पेटीला वेगळा पडदा आणि बटणे बसविण्यापेक्षा तिच्या पोटात असा एक इवलासा सर्व्हर ठेवला, की घरातला कोणताही संगणक तिचा पडदा होतो. उत्पादकाचा खर्च वाचतो, आणि आपल्याला एक नवी विद्या शिकावी लागते.

वस्तूंवर दुरून नजर ठेवण्याच्या या प्रथेचा पूर्वज मोठा गमतीचा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचे एकच भांडे होते. लांबच्या खोल्यांतून जिने उतरून यावे तो भांडे रिकामे! म्हणून १९९१ मध्ये तेथील मंडळींनी भांड्यावर कॅमेरा लावला. १९९३ मध्ये ते चित्र साऱ्या जगाला ब्राउझरमधून दिसू लागले आणि २००१ मध्ये तो कॅमेरा बंद झाला. आमच्या अंगणातला कॅमेरा त्याच घराण्यातला.

माजघराचा पत्ता

पान उघडावयाचे तर पत्ता हवा. घरातल्या वस्तूंचे पत्ते बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतात. (टंकताना हे आकडे इंग्रजी लिपीत आणि मधली टिंबे न विसरता द्यावीत.) पुष्कळ घरांत राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राऊटरच्या बुडाशी चिकटविलेल्या कागदावर तो छापलेला सापडतो. राऊटरचे पान उघडले की जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते, आणि तीत आपल्या पेटीचा पत्ता मिळतो.

हे आकडे १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. तेच पत्ते लाखो घरांत एकाच वेळी नांदतात आणि घराबाहेर त्यांना काहीच अर्थ नसतो. पाकिटावर नुसते 'माजघर' असे लिहिले तर पोस्टमनला ते पोचविता येणार नाही. घरातल्या माणसाला मात्र माजघर म्हटल्याबरोबर कळते. हे पत्तेही तसेच.

ही गोष्ट न कळल्याने आमची पहिली संध्याकाळ वाया गेली. मुलाच्या कार्यालयाचा लॅपटॉप घेऊन बसलो, पत्ता दिला, आणि पान काही येईना. कारण तो संगणक प्रत्येक मागणी आधी कार्यालयाच्या मध्यस्थाकडे, म्हणजे प्रॉक्सीकडे, पाठवीत होता. आणि कार्यालयाचे 'माजघर' वेगळे! ब्राउझरच्या किंवा संगणकाच्या मांडणीत स्थानिक पत्त्यांसाठी प्रॉक्सी वापरू नये, अशी एक नोंद असते. ती करावी लागते. व्हीपीएन चालू असेल तर तेवढ्यापुरते बंद करावे. शेवटी आम्ही घरचाच जुना संगणक घेतला आणि तो घरच्या वायफायला जोडला आहे, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वायफायला नव्हे, हे पाहून घेतले. पाहुण्यांच्या जाळ्यावरून घरातल्या पेट्या बहुधा दिसत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी. पत्ता वरच्या पट्टीत, आणि मागे 'एच-टी-टी-पी', दोन टिंबे व दोन तिरक्या रेषा लावून पूर्ण लिहावा. नाहीतर ब्राउझर कधी कधी त्याला शोधावयाचा शब्द समजतो. आणि वीज गेली की पेटीचा पत्ता बदलू शकतो. म्हणून राऊटरच्या पानावर तो तिच्या नावाने कायमचा राखून ठेवावा.

ब्राउझरचा संशय

पत्ता बरोबर दिला, आणि पडद्यावर पान येण्याऐवजी लाल इशारा आला: हे संभाषण खासगी नाही, येथे धोका असू शकतो. सासूबाई मागे बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्याच घरातली पेटी, आणि हा मध्येच अडवतो कोण?"

अडविण्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांचे बोलणे दोन तऱ्हांनी चालते. एक उघडे, पोस्टकार्डासारखे. वाटेतल्या कोणालाही ते वाचता येते. दुसरे कुलूपबंद. उघड्या बोलण्यावर क्रोम हा ब्राउझर २०१८ च्या जुलैपासून 'सुरक्षित नाही' असा शेरा मारतो. कुलूपबंद बोलण्यासाठी सर्व्हरने आधी आपली ओळख पटवावी लागते, आणि त्यासाठी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने सही केलेला दाखला दाखवावा लागतो.

येथे मला माझाच हयातीचा दाखला आठवला. मी जिवंत आहे हे मला पूर्णपणे ठाऊक आहे. तरी माझ्याच सहीचा दाखला निवृत्तिवेतनासाठी चालत नाही. त्रयस्थाने तो पडताळून पाहावा लागतो. आमच्या पेटीचा दाखला तिने स्वतःच लिहिलेला आणि स्वतःच सही केलेला होता. तिला दुसरा मिळणारही नव्हता, कारण जो पत्ता लाखो घरांत सारखाच आहे, तो 'या पेटीचा' म्हणून कोणती संस्था प्रमाणित करणार? मान्यताप्राप्त संस्था खासगी पत्त्यांसाठी दाखले देत नाहीत. म्हणजे पेटी लबाड होती असे नाही, आणि ब्राउझर आडमुठा होता असेही नाही. ओळख पटविणारा तिसरा कोणी नव्हता, एवढेच.

अशा वेळी ओळख आपणच पटवून घ्यावयाची. पत्ता राऊटरच्या यादीतला आहे ना, संगणक घरच्याच जाळ्यावर आहे ना, पेटीची वीज काढली की ते पान बंद पडते ना, हे पाहिले. मग इशाऱ्याखालील 'प्रगत' हा पर्याय उघडून तेवढ्या एका पत्त्यापुरता अपवाद केला आणि पुढे गेलो.

भगिनींनी येथे एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. हा अपवाद घरातल्या, हाताने स्पर्श करता येईल अशा पेटीसाठीच. हाच लाल इशारा बँकेच्या, विजेच्या बिलाच्या किंवा खरेदीच्या पानावर आला, तर 'प्रगत'कडे बोटही न नेता मागे फिरावे. त्या सर्व्हरांना खरा दाखला सहज मिळतो; त्यांच्यापाशी तो नसेल तर काहीतरी बिनसले आहे. तसेच, इशारा कायमचा जावा म्हणून उत्पादकाचा 'मूळ दाखला' संगणकात बसविण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. मूळ दाखला बसविणे म्हणजे कोणत्याही कागदावर सही करण्याचा शिक्का परक्याच्या हाती देणे. दर वेळी इशारा पाहून पुढे जाण्याचा त्रास त्यापेक्षा पुष्कळ बरा.

२०२५ च्या अखेरीपासून क्रोमने आणखी एक प्रश्न विचारण्यास सुरुवात केली आहे. बाहेरचे एखादे पान घरातल्या वस्तूंशी बोलू पाहत असेल, तर त्यास परवानगी द्यावी काय, असे तो विचारतो. बातम्या वाचताना असा प्रश्न आला तर उत्तर 'नाही' हेच.

जुनी पेटी, नवा ब्राउझर

इशारा ओलांडला, नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट आली, आणि पुढे कोरे पान! कोपऱ्यात एक ओळ होती: अमुक जोड बसवा, आणि इंटरनेट एक्सप्लोरर वापरा.

इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. जुन्या पेट्या बनविणाऱ्यांनी त्याच्यावर फार विसंबून पाने रचली होती. चित्र हलते दाखविण्यासाठी ते ब्राउझरला बाहेरून जोड बसवीत. पण अशा जोडांना संगणकाच्या आत फार मोकळीक मिळे आणि चोरांना ती वाट झाली. म्हणून ब्राउझरांनी ती दारे एकेक करून बंद केली. जावाचे जोड क्रोममधून २०१५ मध्ये गेले, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले. १९९९ सालची जुन्या धाटणीची कुलूपपद्धतीही प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये नाकारली. तीच वापरणाऱ्या पेट्यांशी आजचा ब्राउझर कुलूपबंद बोलणे करीतच नाही. पेटी दहा वर्षे टिकते, ब्राउझर दर महिन्याला बदलतो. दोघांची भाषा हळूहळू दुरावते.

यावर उपाय आहे, पण तो बेताने करावा. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरात जुन्या एक्सप्लोररचे सोंग घेण्याची सोय ठेवलेली आहे, आणि ती निदान २०२९ पर्यंत राहील असे कंपनीने सांगितले आहे. 'मुलभूत ब्राउझर' या सदरात ती चालू करून आपल्या पेटीचा एकच पत्ता यादीत घालावयाचा. ही परवानगी तीस दिवसांनी आपोआप संपते. आम्हाला तर अर्धा तास पुरला. जुन्या एक्सप्लोररची प्रत कोठून तरी उतरवून घेणे, किंवा ब्राउझरची सारी सुरक्षा सरसकट सैल करणे, हे मात्र करू नये. मांजराला आत घ्यावयाचे म्हणून घराची भिंत कोणी पाडत नाही.

दुसरे असे, की आम्हाला चित्र पाहावयाचे नव्हते, घड्याळ लावावयाचे होते. म्हणून पेटीने देऊ केलेली जोड आम्ही बसविलीच नाही. चित्राची चौकट काळी राहिली, पण मांडणीची यादी उघडली. पान अर्धवट आले तर तेवढ्या पत्त्यासाठी जाहिरात अडविणारे साधन बंद करावे आणि कंट्रोल व एफ-५ ही बटणे एकदम दाबून पान नव्याने मागवावे. पुष्कळ वेळा एवढ्याने भागते.

वेळ आणि किल्ली

'प्रणाली', मग 'सामान्य', मग 'कालविभाग'. तेथे लिहिले होते: अधिक आठ तास. तो आकडा पुसून अधिक साडेपाच केला. खाली, जाळ्यावरून वेळ मिळवावी काय, असा प्रश्न होता; तेथे 'होय' केले. यंत्रांनी एकमेकांना वेळ विचारून घड्याळे जुळविण्याची ही पद्धत अमेरिकन संशोधक डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास घडविली. पेटीला खरी वेळ गेले सहा महिने मिळतच होती. ती कोणत्या गावची सांगावयाची, एवढेच तिला चुकीचे शिकविले होते. पेटीतील छोटा सेलही बदलून घेतला. तो संपला आणि वीज गेली की पुष्कळ यंत्रे जागी होतात ती १ जानेवारी १९७० या तारखेला, कारण संगणकांच्या एका मोठ्या घराण्याचा काळ तेथून मोजला जातो.

आमच्या रावपुऱ्यात चिमणाबाईंच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये बांधलेला घड्याळाचा मनोरा आहे. मनोऱ्यावरचे घड्याळ चुकले तर सगळ्या गावाला दिसते आणि कोणीतरी ओरडते. कपाटातल्या पेटीचे घड्याळ चुकले तर ते कोणाला कळणार?

घड्याळ लावून झाल्यावर पुतणी म्हणाली, "काकू, आता किल्ली." पेटीत शिरण्याचे नाव आणि परवलीचा शब्द कारखान्यातून आले तेच होते, पुस्तिकेत छापलेले, म्हणजे जगाला ठाऊक असलेले. त्यावरून २०१६ मध्ये काय अनर्थ झाला, तिने सांगितले. मिराई नावाचा एक घातकी प्रोग्राम जगभरच्या कॅमेऱ्यांच्या पेट्या आणि राऊटर शोधीत हिंडू लागला. त्याच्यापाशी असे साठाहून थोडे अधिक कारखानी परवलीचे शब्द होते. तेवढ्यांनी लाखो दारे उघडली. त्या पेट्या मग हुकुमाच्या ताबेदार होऊन २१ ऑक्टोबर २०१६ रोजी एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरांवर एकदम तुटून पडल्या, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास कोलमडल्या. घरमालकांना आपल्या कपाटातली पेटी कोणाची चाकरी करते आहे याची गंधवार्ताही नव्हती. त्यानंतर कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट सारखे कारखानी परवलीचे शब्द कायद्याने बंद केले.

आम्ही नवा, लांब शब्द ठरविला. पाहणाऱ्यांसाठी वेगळे आणि बदलणाऱ्यांसाठी वेगळे असे दोन प्रवेश केले. पेटीचे पान घराबाहेरून उघडण्याची वाट राऊटरवर कोणी मोकळी सोडली आहे काय, ते तपासले. दुरुस्तीच्या सोयीसाठी ती सोडलेली होती. ती बंद केली. शेवटी ब्राउझरमधला अपवाद आणि एजच्या यादीतला पत्ता काढून टाकला. नवा शब्द कागदावर लिहून सासूबाईंच्या कपाटात ठेवला आहे. बसविणारा मुलगा उद्या गाव सोडून गेला तरी किल्ली घरातच राहील.

मासींच्या घरी

सावली पाहिली ती गुरुवारची रात्र. शुक्रवारी सकाळी सासूबाई आणि मी मासींच्या घरी गेलो. मागाहून भाऊजीही आले. मी सारे सांगितले: सावली, अडीच तास, शिऱ्याचा डबा. त्यांनी ऐकून घेतले, चहा केला. मग म्हणाल्या, "बेन, मला विचारले असते तर मी डब्याचे सांगितले असते. तुम्ही तर मला फोन दाखवला."

यावर बोलण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. ब्राउझर अनोळखी पेटीला अडवितो तेव्हा निदान आपला संशय कशाचा आहे ते लिहून दाखवितो आणि पडताळून पाहण्यास वाव ठेवतो. आम्ही चौदा वर्षे ओळखीच्या माणसाला तेवढाही वाव दिला नाही, आणि जिचा दाखला तिच्याच सहीचा होता त्या पेटीचा शब्द प्रमाण मानला. मी शिक्षिका होते, डबा माझ्याच हातचा होता, आणि तरीही गुरुवारी सकाळी मी गप्प राहिले.

मासी सोमवारपासून पुन्हा येऊ लागल्या. करंडा अजून सापडलेला नाही. पूजेला आता पितळेचा आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पेटीचे पान उघडते आणि तिची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहते. मासी केर काढता काढता थांबतात आणि विचारतात, "बेन, बराबर आहे ना?" मी पाहते आणि मगच उत्तर देते.